रोबो आणि बिगारी : बांधकामाच्या मोजणीचा मागोवा



हे व्याख्यान दरवर्षी शाळेच्या जुन्या सभागृहात होत आले आहे. यंदा आपण मैदानावरील मंडपात बसलो आहोत, त्याचे कारण आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. सभागृहाच्या छताची मधली सागवानी तुळई सव्वा इंच खाली झुकली आहे, असे गेल्या पावसाळ्यानंतर निष्पन्न झाले आणि सभागृहाला कुलूप लागले. हे ज्याने निष्पन्न केले तो कोणी वयोवृद्ध अभियंता नव्हता. लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीएवढे, चार चाकांवर आपणहून फिरणारे ते एक यंत्र होते. मागच्या अंगणात शाळेच्या नव्या इमारतीचे काम चालू आहे, ते काम पाहणारा आपलाच एक माजी विद्यार्थी ते यंत्र घेऊन येतो. नव्या इमारतीत ते आठवड्यातून एकदा फेरी मारते, भिंती आणि खांब मोजते आणि ठरलेल्या नकाशाशी ताडून पाहते. एके दिवशी जाता जाता त्याने ते जुन्या सभागृहातही फिरवले.

मी भाषेचा माणूस. यंत्रांविषयी बोलणे ही माझी अनधिकार चेष्टा ठरेल, याची मला जाणीव आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे सर याच मैदानावर आम्हांला साखळीने जमीन मोजायला शिकवीत असत. ते यंत्र सभागृहात फिरताना मी दारात उभा राहून पाहत होतो, तेव्हा मला सारखी सरांची साखळी आठवत होती. म्हणून यंदा कार्यकारिणीचे निमंत्रण आले तेव्हा मी संतसाहित्याचा विषय बाजूला ठेवला आणि हा घेतला.

आरंभ शब्दापासून करतो. ती माझी जित्याची खोड आहे. 'रोबो' हा शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला असला तरी त्याचे जन्मगाव प्राग. कारेल चापेक या चेक नाटककाराचे एक नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ साली रंगभूमीवर आले. त्यात कारखान्यात तयार केलेले कृत्रिम मजूर आहेत. त्यांना काय म्हणावे असा प्रश्न पडला तेव्हा कारेलच्या चित्रकार भावाने, योसेफने, हा शब्द सुचवला. त्याचे मूळ 'रोबोटा' या चेक शब्दात आहे आणि त्या शब्दाचा अर्थ वेठ, सक्तीने करून घेतलेले काम. आता आपल्या बांधकामावर चला. तेथे गवंडी असतो, मिस्त्री असतो आणि त्यांच्या हाताखाली विटा-रेती वाहणारा असतो तो बिगारी. हा बिगारी फारसी 'बेगार' या शब्दापासून आला. बेगार म्हणजे पुन्हा तेच : बिनमजुरीचे, सक्तीचे काम. आपण दोन्ही शब्द जोडून 'वेठबिगार' असा समासही केला आहे. आजचा बिगारी मजुरी घेतो, वेठ संपली, पण नाव राहिले. म्हणजे आमच्या माजी विद्यार्थ्याने नव्या इमारतीवर आणलेला रोबो आणि तेथे आधीपासून घमेली वाहणारा बिगारी हे व्युत्पत्तीच्या दृष्टीने नामबंधूच होत. या दोघांचे नाते हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे, असे म्हटले तरी चालेल.

जमीन मोजायची म्हणजे कोणाला तरी ती चालावी लागते. हे वाक्य इतके साधे आहे की मोजणीचा इतिहास लिहिणारे ते विसरतात. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली जी जमीनमोजणी झाली तिच्यासाठी पाच हात आणि पाच मुठींची काठी ठरवण्यात आली होती. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो एक बिघा, असे एकशेवीस बिघे म्हणजे एक चावर. हे हिशेब आपण पाठ करतो. परंतु ती काठी उलटीपालटी टाकीत डोंगरउतारावर वाकून वाकून चालणारा माणूस कोण होता, त्याचे पाय कसे सोलवटले असतील, हे कोणत्याही बखरीत नाही.

पुढे इंग्रजी अमलात मोजणीचे शास्त्र झाले. विल्यम लॅम्टन या अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पहिली पायारेषा मोजायला घेतली. तिची लांबी सुमारे साडेसात मैल. ती मोजायला ५७ दिवस लागले. मोजायचे साधन होते शंभर फुटांची पोलादी साखळी, अडीच अडीच फुटांचे चाळीस दुवे असलेली. या साखळीची कथा मौजेची आहे. ती मुळात मॅकार्टनी यांच्या शिष्टमंडळाबरोबर चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेली होती. बादशहाला तिचे अप्रूप वाटले नाही, तेव्हा ती परत फिरली आणि फिरत फिरत लॅम्टनच्या हाती लागली. उन्हाने पोलाद वाढते म्हणून साखळी लाकडी पेट्यांत, तंबूच्या सावलीखाली ताणून ठेवीत आणि तिच्या अंगाशी तापमापके लावून ठेवीत. एक एक साखळी अशी मांडून, तपासून पुढे सरकवायची. हे काम करणाऱ्या माणसांना मोजणी खात्यात खलाशी म्हणत. समुद्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण जहाजावरील दोरखंड ओढणाऱ्याचे नाव जमिनीवर साखळी ओढणाऱ्याला मिळाले आणि ते मोजणी खात्यात कायमचे रुजले.

लॅम्टन उत्तरेकडे सरकत सरकत महाराष्ट्रात पोहोचला. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे तो वारला. त्याची कबर तेथेच आहे. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतले आणि ते आपल्या माळव्यात आणले. १८२४ च्या अखेरीस त्याने सिरोंज येथे पुढची पायारेषा मोजली. सिरोंज आज विदिशा जिल्ह्यात आहे. त्या काळी ते टोंकच्या नवाबाचे, म्हणजे यशवंतराव होळकरांचा जुना साथीदार अमीरखान याच्याकडे होते. सिरोंजजवळचे कल्याणपूर हे तर पुढे साऱ्या हिंदुस्थानच्या नकाशाचे मूळ स्थान ठरले. देशातील गावांचे अक्षांश-रेखांश ज्या बिंदूपासून काढीत गेले तो बिंदू माळव्यातील एका टेकडीवर आहे, ही गोष्ट आपल्या शाळांच्या भूगोलात असायला हवी होती. मला ती वयाची साठी उलटल्यावर कळली.

एव्हरेस्टचे नाव जगातील सर्वांत उंच शिखराला मिळाले. सिरोंजची साखळी ओढणाऱ्यांचे नाव कोणालाच ठाऊक नाही. त्याआधी कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या जंगलात एव्हरेस्ट मोजणीची तुकडी घेऊन गेला असता जवळजवळ सगळी तुकडी तापाने आडवी झाली आणि त्यातले काही जण परत आले नाहीत. असे प्रसंग त्या मोजणीत पुनःपुन्हा आले. एक अपवाद म्हणून कुमाऊँच्या मिलम गावच्या नैनसिंह रावतांचे नाव घ्यावे लागेल. १८६५-६६ साली ते वेष पालटून काठमांडूहून ल्हासाला गेले. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ओवून ते आपली पावले मोजीत. दोन हजार पावलांचा एक मैल या हिशेबाने त्यांनी शेकडो मैलांची वाट मापली. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. पावलांना पदक मिळाल्याचे हे माझ्या माहितीतील एकमेव उदाहरण.

येथे सरांच्या साखळीकडे वळतो. ती ६६ फुटांची, शंभर कड्यांची. आपल्याकडचे पटवारी तिला जरीब म्हणत. क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमधले अंतर २२ यार्ड का, हे सर आम्हांला त्या साखळीवरून सांगत, कारण ते बरोबर एक साखळी भरते; आणि होळकर संघाच्या गावातील मुलांना भूमिती शिकवायला याहून चांगली युक्ती कोणती? सर मैदानाच्या एका कोपऱ्यात खुंटी ठोकीत. तेथून निघून कडेकडेने मोजीत, प्रत्येक वळणाचा कोन घेत, सगळे मैदान फिरून पुन्हा त्याच खुंटीवर यायचे. मग कागदावर आकृती काढायची. जमिनीवर आपण त्याच खुंटीपाशी येतो. कागदावर मात्र येत नाही. शेवटची रेघ पहिल्या बिंदूपासून फूट दोन फूट दूर पडते. वाटेत प्रत्येक पावलाला केलेल्या बारीक चुका त्या फटीत साठलेल्या असतात. आमच्या तुकडीने एकदा ती फट लपवण्यासाठी शेवटची रेघ हळूच वाकवली. सरांनी कागद पाहिला, काही बोलले नाहीत, साखळी पुन्हा आमच्या हातात दिली. ऑक्टोबरच्या उन्हात आम्ही मैदान दुसऱ्यांदा फिरलो.

ही फट लक्षात ठेवावी, कारण रोबोची सगळी विद्या तिच्याभोवतीच उभी आहे.

पण त्याआधी इंदूरच्या एका पाहुण्याविषयी बोलणे आवश्यक आहे. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान मूळचा जीवशास्त्रज्ञ, जन्म १८५४. एडिंबरोत त्याने १८९२ साली एक मनोरा घेतला. त्याच्या माथ्यावर अशी काचेची योजना होती की अंधाऱ्या खोलीतील पांढऱ्या मेजावर साऱ्या शहराचे हलते प्रतिबिंब पडावे. शहर आधी पाहावे आणि मग त्यात हात घालावा, हे त्याचे सूत्र. १९१४ साली तो हिंदुस्थानात आला. त्याच्या नगररचना प्रदर्शनाचे नकाशे आणि चित्रे ज्या जहाजातून येत होती ते जर्मनांच्या एम्डेन या युद्धनौकेने बुडवले. त्याने दुसरे प्रदर्शन जमवले. महाराज तुकोजीराव होळकर तृतीय यांच्या दरबाराने त्याला इंदूरला बोलावले आणि १९१८ साली त्याचा दोन खंडांचा अहवाल होळकर सरकारच्या छापखान्यात छापला गेला.

शहरात तेव्हा प्लेग होता, हिवताप होता. नकाशावर पट्टी ठेवून दाटीच्या वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढावेत आणि वाटेत येतील ती घरे पाडावीत, ही त्या काळच्या नगर अभियंत्यांची रूढ रीत होती. गेडिसने ती नाकारली. तो जुन्या इंदुरातील गल्ल्यांतून आणि खान व सरस्वती या नद्यांच्या काठाने स्वतः चालला. कोणते घर कोसळले आहे, कोणते डागडुजीने उभे राहील, कोणती विहीर वापरात आहे, कोणत्या पारावर बायका-मुले बसतात, हे त्याने घर घर पाहून ठरवले. मोडकळीस आलेली दोन-चार घरे काढली की बाकीच्या वस्तीला वारा आणि उजेड मिळतो, सारी वस्ती उठवण्याची गरज नसते, असे त्याचे म्हणणे होते. या पद्धतीला त्याने शस्त्रक्रियेची उपमा दिली आणि या पाहणीला निदान म्हटले. वैद्य नाडी पाहिल्यावाचून सुरी उचलीत नाही, तसे हे.

त्याने दरबाराला सांगून दिवाळीत एक मिरवणूक काढली. ज्या मोहल्ल्यातील लोक आपली घरे आणि गल्ल्या सर्वाधिक साफ आणि नीट करतील त्या मोहल्ल्यातून ती जाणार, असे आधी जाहीर झाले. मग काय विचारता! आपल्या गल्लीतून मिरवणूक जावी म्हणून लोकांनी झाडलोट केली, कचऱ्याचे ढीग उचलले, भिंतींना चुना लागला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. स्वच्छ पांढऱ्या वेषात सफाई कामगार सन्मानाने चालले होते. इंदूर नगरी हीच एक देवता कल्पून तिच्या निशाणावर शहराचा नकाशा रंगवला होता. आहेत ते रस्ते काळ्या रेषांत, सुचवलेले बदल लाल. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले. नकाशा ही कचेरीच्या कपाटात गुंडाळून ठेवण्याची वस्तू असते. ती निशाणावर चढवून ज्यांचा तो नकाशा त्यांच्याच दारावरून नेणारा दुसरा नगररचनाकार मला माहीत नाही. २०१७ पासून स्वच्छतेच्या पाहणीत इंदूरने देशात पहिला क्रमांक मिळवला तेव्हा या मिरवणुकीची आठवण आपल्यापैकी किती जणांना झाली? अहवालाचा दुसरा खंड इंदूरच्या नियोजित विद्यापीठाविषयी आहे. ते विद्यापीठ १९६४ साली निघाले, पण तो वेगळा विषय आहे. गेडिस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. असो.

आता यंत्राकडे येऊ. स्वतःच्या भोवतालाचा विचार करून चालणारे पहिले यंत्र अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६६ ते १९७२ या काळात घडले. ते चालताना थरथरे, म्हणून त्याचे नाव 'शेकी'. दोन-चार खोल्यांत, मोठ्या ठोकळ्यांच्या मधून वाट काढणे एवढेच त्याचे कर्तृत्व, आणि तेवढ्यालाही त्याला फार वेळ लागे. माणसाच्या पायांची जागा यंत्राने घ्यावी अशी खरी निकड मात्र अपघातांनी निर्माण केली. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टीत अपघात झाला. भट्टीखालच्या तळघरात किरणोत्सर्गी पाणी साचले. तेथे माणूस पाठवणे म्हणजे त्याचा जीव घेणे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील विल्यम व्हिटेकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बनवलेली दूरनियंत्रित गाडी १९८४ साली त्या तळघरात सोडण्यात आली आणि आत काय आहे हे प्रथमच दिसले. त्याच दशकात जपानमध्ये शिमिझूसारख्या बांधकाम कंपन्यांनी मजुरांच्या टंचाईमुळे यंत्रे उभी केली. परंतु ती बहुतेक फवारणीसारखी ठरीव कामे करणारी होती, पाहणी करणारी नव्हे.

पाहणीची दुसरी कथा खाणीची. जुलै २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील क्वीक्रीक येथे खाणकामगार कोळसा काढीत असताना शेजारच्या, फार पूर्वी सोडून दिलेल्या खाणीची भिंत फुटली आणि पाण्याचा लोंढा आत आला. नऊ जण अडकले. ते सर्व तीन दिवसांनी जिवंत निघाले, हे भाग्य. ती जुनी खाण किती लांब पोहोचली आहे हे त्यांच्याजवळच्या नकाशात बरोबर दाखवलेले नव्हते. पुढच्याच वर्षी व्हिटेकर आणि सेबास्टियन थ्रून यांच्या विद्यापीठातील मंडळींनी 'ग्राउंडहॉग' नावाचे चार चाकांचे यंत्र पिट्सबर्गजवळच्या एका बंद खाणीत सोडले. आत रेडिओचा संदेश पोहोचत नाही. यंत्राने स्वतःच चालायचे, स्वतःच नकाशा करायचा आणि स्वतःच परत यायचे.

यातली अडचण अशी आहे. समजा, आपल्याला रात्री एखाद्या अनोळखी वाड्यात सोडले आणि वाड्याचा नकाशा करायला सांगितले. नकाशा करायचा तर आपण कोठे उभे आहोत हे कळले पाहिजे. आपण कोठे आहोत हे कळायचे तर हातात नकाशा पाहिजे. बीज आधी की वृक्ष आधी, तसा हा पेच. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गणितज्ञ आणि अभियंते त्याच्या मागे लागले आणि दोन्ही गोष्टी एकदम, थोड्या थोड्या, एकमेकींना दुरुस्त करीत कशा करायच्या हे त्यांनी शोधले. यंत्र चाकांच्या फेऱ्यांवरून आपण किती सरकलो याचा अंदाज करते. नैनसिंहांच्या जपमाळेचेच ते भावंड. डोक्यावरच्या फिरत्या डोळ्यातून ते प्रकाशाचे किरण सोडते आणि भिंतीवर आपटून ते परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढते. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, तेव्हा हा वेळ किती सूक्ष्म असेल याची कल्पना करावी. असे लाखो बिंदू जमले की पडद्यावर खोली उमटते; भिंती, खांब, परांची, कोपऱ्यात ठेवलेले घमेलेसुद्धा. तरीही प्रत्येक फेरीला बारीक चुका साठत जातात. मग यंत्र हिंडून पुन्हा पहिल्या जागेपाशी येते, ती जागा ओळखते आणि कागदावरील फट किती पडली ते पाहून ती साऱ्या वाटेवर वाटून टाकते. माजी विद्यार्थ्याने हे मला समजावले तेव्हा मी त्याला म्हणालो, "अरे, ही तर सरांची खुंटी!" तो सरांच्या वेळचा नव्हे, त्याला खुंटीची गोष्ट सांगावी लागली.

२०२० च्या सुमारास चार पायांची, कुत्र्यासारखी जिना चढणारी यंत्रे विक्रीस आली. लंडनमध्ये बॅटरसी येथील जुन्या वीजकेंद्राच्या परिसरातील नव्या इमारतींवर फॉस्टर आणि भागीदार या वास्तुविशारदांनी तसे यंत्र फिरवले. ठरलेल्या वाटेने पुनःपुन्हा जाऊन ते काम किती पुढे गेले आणि आराखड्यापासून कोठे ढळले हे टिपीत असे. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ मध्ये रस्त्यांच्या कामांचे दर महिन्याला ड्रोनने चित्रण करणे सक्तीचे केले. गवंड्याच्या भाषेत सांगायचे तर ओळंबा, गुण्या, सूत आणि पाणसळ या चारही वस्तू या यंत्रांच्या पोटात आहेत. भिंत ओळंब्यात आहे का, कोपरा गुण्यात आहे का, हे ती गवंड्यापेक्षा लवकर सांगतात आणि दुपारच्या उन्हात त्यांचा डोळा थकत नाही.

चुकीच्या नकाशाची किंमत इंदूरने अलीकडेच मोजली आहे. ३० मार्च २०२३, रामनवमीचा दिवस. पटेलनगरमधील बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू होते. भाविक ज्या फरशीवर बसले होते तिच्याखाली जुनी बावडी होती. कधी काळी तिच्यावर छत टाकून ती झाकली होती. ते छत कोसळले आणि ३६ माणसे गेली. त्या दिवसाविषयी याहून अधिक बोलणे माझ्याने होत नाही. या मंडपात असे काही जण असतील की ज्यांच्या परिचयाचे कोणी त्यात होते. माळव्यातील गावे बावड्यांची आहेत. गेडिस विहिरी पाहत, त्यांचा पत्ता घेत चालला होता, तो उगीच नव्हे. आता शहरात मेट्रो आली आहे. ३१ मे २०२५ रोजी तिचा सुमारे सहा किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि दाट जुन्या वस्तीखालून भुयारी मार्गाची योजना आहे. जमिनीखाली काय दडले आहे हे पाहण्यासाठी जितकी यंत्रे लागतील तितकी आणावीत. याविषयी माझ्या मनात किंतु नाही. यंत्रे आली की माणसांची कामे जातात, ही तक्रार मी ऐकली आहे आणि ती खोटीही नाही. पण ज्या कामात खलाशी तापाने मेले आणि बिगारी दरडीखाली गेले ते काम यंत्राकडे जात असेल तर मी साखळीसाठी अश्रू ढाळणार नाही.

तथापि यंत्र कोठे थांबते हेही पाहिले पाहिजे. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीच्या पहाटे, उत्तरकाशीजवळ सिल्क्यारा येथे बांधकाम चालू असलेल्या बोगद्यात दरड कोसळली आणि ४१ मजूर पलीकडे अडकले. मध्ये सुमारे साठ मीटर ढिगारा. पुण्याजवळ दिघी येथे संरक्षण खात्याची संशोधन संस्था आहे. बाँब निकामी करणारे 'दक्ष' हे यंत्र तिने घडवले आहे. त्या घराण्यातील लहान यंत्रे तेथे नेण्यात आली, परंतु आतली जमीन रेताड. तिच्यावर ती चालू शकतील की नाही याचीच शंका होती. आत घातलेल्या सहा इंची नळीतून कॅमेरा सोडला, तेव्हा दहाव्या दिवशी मजुरांचे चेहरे प्रथम दिसले. ढिगारा फोडणारे प्रचंड विलायती यंत्र लोखंडात अडकून मोडले. शेवटचे दहा-बारा मीटर, उंदराच्या बिळासारख्या अरुंद खाणी खोदण्याची सवय असलेल्या मजुरांनी नळीत शिरून हातांनी खोदले, आणि २८ तारखेला ४१ जण बाहेर आले. नियतीचा खेळ असा की या पद्धतीच्या खाणकामावर आपल्याकडे बंदी घातली गेली होती, कारण ते माणसांचे जीव घेते. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी तेलंगणातील श्रीशैलम डाव्या कालव्याच्या बोगद्यात आठ जण अडकले. तेथे रोबो आणले, श्वानपथके आणली, कॅमेरे आणले. आठांपैकी कोणीही वाचू शकले नाही.

आणि एक गोष्ट सभागृहाची. कार्यकारिणीच्या बैठकीत पडद्यावर ती तुळई दाखवण्यात आली. लाल रंगात, मध्यभागी झुकलेली, खाली मिलिमीटरचे आकडे. सगळे गंभीर झाले, आणि पाच मिनिटांत सभागृह बंद करण्याचा ठराव झाला. बैठक संपल्यावर शाळेचे जुने सेवक माझ्याजवळ आले. सभागृहाच्या उत्तरेकडच्या दाराची कडी लावणे हे त्यांचे तीस वर्षांचे काम. ते म्हणाले, "सर, ते दार तीन पावसाळे घासतंय. मी दोनदा कार्यालयात सांगितलं. सुतार आला, दार तासून गेला." दार घासत होते, कारण वरचा भार खाली सरकत होता. तीन वर्षे रोज संध्याकाळी त्यांच्या खांद्याला ते कळत होते. आम्ही दार तासले. मी त्या वेळी कार्यकारिणीत होतो. दार तासण्याच्या खर्चाच्या पावतीवर मंजुरीची सही माझी आहे.

सरकारी बांधकामात मोजमापाची एक वही असते. ओव्हरसियर तिला नुसते एम.बी. म्हणतात. तिच्या पानांवर आधीपासून क्रमांक छापलेले असतात. मोजमाप घेणाऱ्याने तारखेसह सही करायची, आकडा खोडायचा नाही, चुकला तर आडवी रेघ मारून शेजारी दुरुस्त करून आद्याक्षरे टाकायची. मी माजी विद्यार्थ्याला विचारले, "तुमचे यंत्र मोजते, मग सही कोण करते?" तो म्हणाला, "सर, सही मीच करतो. म्हणून यंत्र फिरून आलं की मी एकदा पायी फिरतो." 

सभागृहाच्या दुरुस्तीचे काम दिवाळीनंतर सुरू होत आहे. तुळई उतरवण्यापूर्वी यंत्राची आणखी एक फेरी होईल. त्या दिवशी सोबत चालण्यासाठी त्या सेवकांना बोलावले आहे. उत्तरेकडच्या दाराव्यतिरिक्त आणखी दोन ठिकाणे दाखवायची आहेत, असे ते म्हणतात.